तृप्तीचा शनिवार

नाशिक,
बुधवार, १७ फेब्रुवारी १९९९

प्रिय तृप्ती,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आज सकाळी मिळालं. रविवारी दिवसभर समोर होतीस तेव्हा एक शब्द बोलली नाहीस, आणि सोमवारी वणीला पोचल्याबरोबर पत्र टाकलंस! मीही कमी नाही. मलाही तुला काही सांगायचं होतं, तर मी रविवारी पेपरात तोंड खुपसून बसलो. फोनवर बोललो असतो, पण त्या भक्तनिवासाचा फोन ऑफिसात. तिथे चार माणसं कान टवकारून बसलेली असणार आणि तू नुसतं "हो नाना, बरं नाना" करणार. म्हणून कागद घेतला आहे.

आधी घरची खबर. सायलीचा खोकला गेला. काल शाळेत तिने बाईंना सांगितलं की माझी आई वणीला भिंत रंगवते, तर बाईंना वाटलं चुना मारायचं काम आहे. पोरगी फणकारत घरी आली. "नाना, तुम्ही चला आणि बाईंना नीट सांगा." गेलो आज. सांगितलं, की माझी सून चित्रकार आहे, भक्तनिवासाच्या जेवणाच्या हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत देवीच्या गडावर चालत निघालेल्या माणसांचं चित्र काढते आहे. जरा मोठ्यानेच सांगितलं असावं, कारण शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

भागुबाई पोळ्या करून जाते, भाजी मी करतो. तुझा नवरा मनोज माझ्या भाजीला नावं ठेवतो आणि दोनदा वाढून घेतो. सिन्नरहून कारखान्यातून आला की थकलेला असतो, तरी सायलीचा अभ्यास घेतो. अभ्यासावरून बापलेकीची भांडणं होतात, ती मी मिटवतो. असं आमचं बरं चाललं आहे.

गेल्या बुधवारी मी गडावर जाऊन आलो. दर्शन छान झालं, गर्दी अजिबात नव्हती. आता तू म्हणशील, नाना गडावर गेले म्हणजे वणीवरूनच गेले, मग मला न भेटता कसे परतले? आणि रविवारी बोलले का नाहीत? त्याच्याकडे येतो. आधी तुझ्या पत्राचं बोलू.

तू लिहितेस, आता मैत्रिणींचा शनिवार कायमचा बंद. सोमवार ते शुक्रवार भिंत, शनिवारी दुपारी एसटीतून उतरलं की मोहिनीकडे न जाता थेट घर. गेला महिनाभर तसं करतेच आहेस. "मैत्रिणी काय, नंतरही भेटतील," असं वर लिहिलं आहेस. इकडे मनोजचं म्हणणं, नाना, तुम्ही तिला लिहा की बरोबर केलंस, म्हणजे तिच्या मनाला टोचणी राहणार नाही, तुमचा शब्द ती मानते. मानतेस की नाही ते या पत्राने कळेलच.

तुझा शनिवार मला पहिल्यापासून आवडत होता असं मी म्हणणार नाही. तू या घरात आलीस तेव्हापासून शनिवारी दुपारी सकाळचं उरलेलं डब्यात भरायचीस आणि मोहिनीकडे निघायचीस. तिथे तुम्ही चौघी. मी आयुष्यभर ओझरच्या विमान कारखान्यात काम केलेला माणूस. आमच्यात सुटी म्हणजे गळके नळ दुरुस्त करायचा दिवस. मला वाटायचं, आठवडाभर चित्रं, घर आणि पोरगी यात पिळून निघालेली बाई निदान एक दुपार झोप का काढत नाही?

मग ती जिलबी झाली. तुझ्या पहिल्या प्रदर्शनाचं पेपरात कौतुक आलं, तो नेमका शनिवार. मी आनंदाच्या भरात जिलबीचा पुडा घेतला आणि तसाच मोहिनीच्या दारात उभा राहिलो. तिने पुड्याला हात लावून पाहिला.

"नाना, गरम आहे का हो?"

मी छाती फुगवून म्हणालो, "आत्ता कढईतून काढून घेतली!"

"मग नाही चालणार."

मला कळेना ही काय भानगड. तेव्हा तिने तुमचा नियम सांगितला. शनिवारी कुणी ताजं करायचं नाही, ताजं आणायचं नाही. घरात उरलं असेल तेच आणायचं. एकीने काही चांगलं करून आणलं की पुढच्या वेळी दुसरीला त्याहून चांगलं करावंसं वाटतं, आणि मग सगळ्या पुन्हा आपापल्या ओट्यापाशी. मी पुडा धरून उंबऱ्यात उभा, आणि आतून तू ओरडलीस, "नाना, उद्या आणा!" त्यावर जो खिदळण्याचा आवाज झाला, तो मला आवडला नव्हता हे आज लिहून टाकतो.

पण मोहिनीच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. मध्ये फोडणीच्या पोळीचं पातेलं. ती बँकेतली तुमची मैत्रीण चटईवर चक्क घोरत पडलेली. आणि माझी सून भिंतीला पाय लावून उताणी, भाजीबाजारातल्या कुठल्याशा बाईची नक्कल करतेय, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येतंय. तू घरीही हसतेस, तृप्ती, पण तेव्हा तुझा एक कान कुकरच्या शिट्टीकडे असतो. तिथे दोन्ही कान तुझ्याजवळ होते.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. रिटायर माणसाला दुसरं काम काय? रविवारी सकाळी चहा घेताना तू कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने काहीतरी काढत बसायचीस. पाहिलं तर तीच भाजीवाली, कंबरेवर हात ठेवून भांडणारी. पुढच्या रविवारी आणखी कुणीतरी. तू तिथे विश्रांतीला जायचीस आणि येताना माणसं घेऊन यायचीस. शेजारी सायली बसायची, तिला तू ती माणसं बोलून दाखवायचीस. तुझं काम, तुझं घर आणि तुझ्या मैत्रिणी अशा एकाच चहाच्या कपाभोवती बसलेल्या मी पाहिल्या आहेत. मला हे कधी जमलं नाही, जमलेलं माणूसही दुसरं पाहिलं नाही. मला तुझं फार कौतुक वाटतं. आमच्या पिढीतले सासरे असं तोंडावर म्हणत नाहीत, म्हणून कागदावर म्हणतो.

आता गेल्या बुधवारचं. गडावरून जीपने उतरलो तो वणीला तुझ्याचकडे आलो. तू गावातल्या कुणा झुंबरबाईंच्या घरी जेवायला गेली होतीस. म्हटलं, येईपर्यंत भिंत पाहू.

काय काढलं आहेस, पोरी! ती चपला हातात घेऊन चालणारी, पोराला कडेवर सांभाळणारी. तो काटा काढत बसलेला म्हातारा, आणि त्याला चिडवणारा त्याचा सोबती. मी हसत उभा होतो, एवढ्यात सिन्नरकडचं एक जोडपं जेवायला आलं. बाई तुझ्या चित्रातल्या भांडकुदळीपाशी थबकली.

"अहो, ही बघा, आपली नवसाबाईच हाय! अश्शीच बोलती ती, कंबरंवर हात ठिवून."

"नवसाबाई कशाला येती हितं?"

"हाय म्हणते ना मी!"

मग ती दोघं एकेक माणूस ओळखत पुढे सरकली. "ह्यो तुमच्यावानी दिसतो," ती एका पोटवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली, तर तो रुसला. "माझं एवढं नाय," म्हणे. मी त्यांच्या मागे मागे चालत होतो. खरं सांगतो, माझी मान ताठ झाली होती.

खिडकीजवळ आल्यावर ती दोघं गप्प झाली आणि ताटावर जाऊन बसली.

खिडकीजवळचा भाग तुझा या महिन्याभरातला. रंग अजून वास मारत होता. मला चित्रातलं कळत नाही, तरी मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. हातपाय बरोबर, लुगड्याच्या निऱ्यासुद्धा बरोबर. पण ती माणसं फोटो काढायला रांगेत उभी केल्यासारखी वाटतात. कुणी कुणाशी बोलत नाही. ती गडावर निघालेली नाहीत, तृप्ती, ती नुसती उभी आहेत.

म्हणून तुला न भेटता गेलो. तू हात पुसत आली असतीस, "कसं वाटलं, नाना?" म्हणाली असतीस, आणि मला खोटंही बोलता आलं नसतं, खरंही. मिळाली ती एसटी पकडली. चैत्राच्या यात्रेआधी भिंत पुरी व्हावी म्हणून ट्रस्टचे लोक सगळ्यालाच छान म्हणतील. मनोजही छान म्हणेल, कारण त्याला तुझं काहीही छानच वाटतं. मग हे कुणी सांगायचं? माझं चुकत असेल तर रागव, आठ दिवस बोलू नकोस. पण मला हे दिसलं.

आज संध्याकाळी मनोजला सांगितलं की त्याला हवं तसं पत्र मी लिहिणार नाही. तो तडकलाच.

"मग आम्ही काय करायचं, नाना? दोनच दिवस मिळते ती. त्यातली अर्धी दुपार मैत्रिणींना?"

त्याचं चुकत नाही. त्याला तुझी आठवण येते, फक्त ते त्याला तक्रारीसारखंच बोलता येतं. मी म्हटलं, "गेला महिनाभर शनिवारी घरीच होती ना? कशी होती?"

तो सायलीच्या वहीला कव्हर घालत होता, ते त्याने आधी पूर्ण केलं. मग म्हणाला, "खुर्चीत बसून राहते. सायलीने दोनदा हाक मारली तरी ऐकू गेलं नाही."

"आणि आधी?"

"आधी उशिरा यायची. पण आली की आलेली असायची."

त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं.

तेव्हा ठरलं ते असं. खिडकीजवळची माणसं ठेवायची की खरवडून काढायची, हे तुझं तू पाहा, त्यात मी पडत नाही. पण या शनिवारी आम्ही तिघं डबा घेऊन सोमेश्वरला जातो आहोत. मनोज म्हणाला, "आणि ती थेट घरीच आली तर?" मी म्हटलं, कुलूप दिसेल. म्हणाला, "तिच्याकडे किल्ली आहे." म्हणून आत्ता खाली जाऊन नवीन कुलूप आणलं. त्याच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात आहेत आणि दिवेलागणीच्या आत मी परतणार नाही.

मोहिनीकडे जा, पोरी.

तुझा,
नाना