नांदवदच्या मुलींच्या शाळेसाठी लिहिलेले व मध्येच फिरवलेले मृत्युपत्र

मी, मार्तंड विश्वनाथ अयाचित, वय वर्षे त्रेपन्न, धंदा वर्तमानपत्री बातमीदारी, पूर्वीचा धंदा संस्कृत शिकवणे, राहणार मौजे नांदवद, तालुका अमळनेर, जिल्हा पूर्व खानदेश, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. या जागी ‘चित्त स्वस्थ असताना’ असे लिहिण्याची वहिवाट आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण चांगले आहे. चित्त मात्र मुळीच स्वस्थ नाही, आणि दस्ताची सुरुवातच खोट्या विधानाने करावी हे मला बरे वाटत नाही. सकाळपासून लेखणी खाली ठेवून कितीदा तरी ओसरीत चक्कर मारून आलो. ओसरी रिकामी आहे. भिंतीला पाट्या टेकवलेल्या आहेत, मुली नाहीत. याचा खुलासा पुढे येईल.

मृत्युपत्र करण्याचे कारण इतकेच, की येत्या सोमवारी धुळ्याच्या दवाखान्यात माझा मुतखडा काढावयाचा आहे. भिण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणतात. हेच वाक्य मी परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. माझी पत्नी निवर्तली आहे. मूलबाळ नाही. आडनाव अयाचित असले तरी गेली आठ वर्षे शाळेसाठी दारोदार मागण्यात गेली, हे वाचकांनी मनातल्या मनात हसून सोडून द्यावे.

कलम १. माझे संस्कृत ग्रंथ, कपाटासह, माझी थोरली बहीण यशोदाबाई, राहणार देवपूर, धुळे, हिला द्यावेत. धुळ्यास वडिलांची पाठशाळा होती तेव्हा मी आत बसून रूपे म्हणत असे आणि अक्का स्वयंपाकघरात भाकरी थापीत असे. मी अडलो की आतून तिचा आवाज येई. वडील मला येत नाही म्हणून मारीत आणि तिला येते म्हणून. त्या घरात शिक्षणाविषयीचे धोरण इतके स्पष्ट होते. अक्काला आता डोळ्यांनी कमी दिसते, म्हणून ग्रंथ तिला वाचून दाखवण्यास कोणीतरी बसावे. वाचणारा चुकला तर ती सांगेल.

कलम २. माझा पुतण्या चिरंजीव रंगनाथ, जळगाव येथे कचेरीत नोकर, यास माझी छत्री द्यावी. त्याला पुण्यास कॉलेजात मी माझ्या खर्चाने शिकवले, त्यामुळे त्याचा या घरावर हक्क पोचतो असे त्याचे म्हणणे आहे. हा तर्क कोणत्या शास्त्रात बसतो ते मला शोधून सापडले नाही. घर विकून टाकावे, खेड्यात शाळा चालवणे म्हणजे वाळूत पाणी ओतणे, असे त्याने मला पत्राने कळवले. पत्रातले अक्षर सुंदर होते. ते अक्षर ज्या गावठी शाळेत घडले ती शाळाही सरकारी खर्चाने, म्हणजे कोणाच्या तरी वाळूत कोणाचे तरी पाणी ओतूनच, चालत होती.

कलम ३. सक्तीच्या शिक्षणावर मी साप्ताहिकात लिहिलेल्या लेखांची कात्रणे ट्रंकेत आहेत. ती जाळू नयेत, कोणाला वाचायलाही लावू नयेत. त्यांत सारभूत असे एकच वाक्य आहे: कायद्याने मुलांना सक्ती केली, पैशाला सक्ती करावयाची राहून गेली. बाकी सर्व विस्तार. ट्रंक मात्र चांगली आहे, ती येथील शाळेच्या मास्तरीण भागाबाईंना द्यावी.

कलम ४. आता घर. नांदवदचे हे पत्र्याचे घर, ओसरी, माजघर, मागली खोली, परसातल्या विहिरीतील निम्मा हिस्सा व समोरचे मोकळे अंगण धरून, माझ्या मृत्यूनंतर नांदवदच्या मुलींच्या शाळेस द्यावे.

हे का, ते सांगतो. आठ वर्षांमागे भागाबाई पाटील सातवीची परीक्षा पास होऊन या गावी मास्तरीण म्हणून आल्या. नवरा वारलेला, मागे कोणी नाही, हाती स्कूलबोर्डाचा नेमणुकीचा हुकूम. हुकुमात शाळेचे नाव होते, जागा नव्हती. चावडीत मुली बसल्या तर चावडीने काय करावे, असा प्रश्न गावच्या मंडळींना पडला. मी म्हटले, चार महिने माझ्या ओसरीत बसा. ते चार महिने अद्याप चालू आहेत.

खानदेशात कपाशीची वेचणी हिवाळ्यात येते. शाळातपासनीस साहेबांचा दौराही हिवाळ्यातच निघतो, कारण थंडीत तंबूतला मुक्काम सुखाचा होतो. ज्या दिवसांत गावातली प्रत्येक मुलगी कमरेला ओटी बांधून कापूस वेचीत असते, नेमक्या त्याच दिवसांत सरकार तिला शाळेत शोधायला येते. इतर गावच्या मास्तरांनी यावर हजेरीत खोट्या खुणा करण्याचा उपाय काढला आहे. भागाबाईंना तो मानवला नाही. त्यांनी वेचणीपुरती शाळाच शेतात नेली. दुपारी भाकरी खाल्ली की बांधावरच्या निंबाखाली पाढे, वाचन आणि जमिनीवर बोटाने लेखन. हजेरी तिथेच घेतात. हजेरीपट मास्तरणीबरोबर, मास्तरीण मुलींबरोबर.

कार्तिकात साहेब आले ते सरळ ओसरीत. मी त्या दिवशी बातमीसाठी फैजपुरास गेलो होतो. माझे शेजारी नासीर पिंजारी दारात कापूस पिंजत होते. साहेबांनी विचारले, “येथील शाळा कुठे आहे?”

नासीरभाई म्हणाले, “शाळा वेचनीले गई शे, साहेब.”

“आणि मुली?”

“बठ्ठ्या पोरी वावरमा शेतस.”

“हजेरीपट?”

“तो बी वावरमाच.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. शेत अर्ध्या कोसावर होते. साहेबांच्या बुटांना काळी माती मानवत नसावी. त्यांनी शेऱ्यात लिहिले, ‘शाळा आढळून आली नाही.’

यंदा काटकसरीचे वर्ष. वरून ग्रँट कमी झाली, म्हणून बोर्डाने ठरवले की हजेरी उतरलेल्या मुलींच्या शाळा बंद कराव्यात. मात्र शाळेची स्वतःची इमारत असेल तर वर्षभर थांबावे. साहेबांच्या शेऱ्याने नांदवदची हजेरी शून्य धरली, आणि शाळा उसन्या ओसरीत. नोटीस आली. वीस तारखेच्या बैठकीत नाव खोडले जाणार. ते एकदा खोडले, की भागाबाईंची बदली होणार आणि मुली वेचणी संपली तरी शेतातच राहणार. म्हणून हे कलम चार लिहिले, आणि लिहून झाल्यावर मला स्वतःचे फार कौतुक वाटले.

येथवर गुरुवारी लिहिले होते. साक्षीसाठी अमळनेरहून जीवराम नाना आले. जीवराम नाना हे कापसाचे आडते, स्कूलबोर्डाचे सभासद आणि माझे जुने भांडखोर स्नेही. काटकसरीच्या ठरावाला त्यांनी हात वर केला होता. बाजारात कापसाच्या प्रत्येक गाडीमागे शेतकऱ्याकडून धर्मादा कापतात. तो पैसा साठवून खानदेशात कॉलेज काढावे, असा त्यांचा ध्यास आहे. मी म्हणतो, गाडी खेड्यातून येते, कापूस खेड्यातल्या मुली वेचतात, तर धर्माद्याचा काही वाटा त्यांच्या पाटीपर्यंत पोचू द्या. यावर आमचे आजवर जमलेले नाही. परवाही नाही.

ओसरीत पाऊल टाकताच नाना म्हणाले, “काय शास्त्रीबुवा, जित्ता शे ना?”

“सोमवारपर्यंत आहे. बसा.”

“तुन्ही शाळा कोठे गई?”

“तुम्ही खोडायच्या आधीच ती शेतात लपली आहे.”

“मना कॉलेजवर राग काढू नको. पोऱ्या पुण्याले जातस, तठेच ऱ्हातस. आपलं गाव त्यास्ले मग गाव वाटत नही. तुन्हा रंगनाथच देख.”

“तो परत आला, हीच माझी तक्रार आहे.”

नाना हसले, पण मुद्दा सोडला नाही. येथे त्यांच्या बाजूचेही लिहिले पाहिजे, नाहीतर हे मृत्युपत्र न होता माझा आणखी एक लेख होईल. ते म्हणाले, कॉलेज नसेल तर उद्या तुझ्या मुलींना शिकवायला शिकलेली बाई कुठून आणशील? पुण्याहून येईल का ती नांदवदला? मी उठून चहा ठेवला.

चहा होईतो नानांनी चौथे कलम वाचले. दोनदा वाचले. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहत राहिले.

“वीस तारीखले बोर्डनी बैठक शे,” ते म्हणाले. “तू एकोणीसले मरशी का? तसं व्हई तर आतेच सांगी ठेव. मी विषयपत्रिकावर लिखी लिसू.”

मी म्हटले, “नाना, सोमवारी प्रयत्न करतो.”

नासीरभाई साक्षीसाठी दारातच बसले होते. “तौबा तौबा, आबा, असं कसाले बोलतस!” असे मला म्हणत ते उठून उभेच राहिले.

त्याच वेळी भागाबाई शेतातून आल्या. केसांत कापसाचे तंतू, काखेत हजेरीपट. काय चालले आहे ते त्यांना सांगितले. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “आबा, माले ही शाळा नको. मन्या पोरी रोज येतीन नि देखतीन, आबा अजून शेतस का? असं घर माले नको.”

तोवर चहा उतू गेला.

मी जन्मभर सूत्रांची टीका लिहिणाऱ्यांना हसत आलो, की यांना मुख्य शब्द दिसत नाही. माझ्या कलमात मुख्य शब्द होता ‘मृत्यूनंतर’. डॉक्टरांचा हात चांगला निघाला तर शाळा जाईल आणि वाईट निघाला तर राहील, अशी व्यवस्था मी मोठ्या काळजीने करून ठेवली होती. रात्री झोप लागली नाही. पहाट होताच नासीरभाईंना उठवले, गाडी जोडली आणि अमळनेरची सब-रजिस्ट्रार कचेरी उघडण्याआधी तिच्या पायरीवर जाऊन बसलो. नानांना तिथूनच बोलावणे धाडले.

कलम ४, दुरुस्त. वरील कलम चार रद्द. सदर घर मी काल, शुक्रवारी, नोंदवलेल्या बक्षीसपत्राने जिवंतपणीच शाळेच्या पंचांच्या ताब्यात दिले आहे. पंच तीन: भागाबाई पाटील, नासीर पिंजारी आणि जीवराम नाना.

पंचांत स्वतःचे नाव पाहून नाना खुद्द कचेरीत ओरडले होते, “माले कसाले वढस रे यामा?” मी म्हटले, कारण वीस तारखेला तुम्ही बैठकीत असाल, मी खाटेवर असेन. काटकसरीचा ठराव ज्यांनी उचलून धरला त्यांनीच उठून सांगावे, की नांदवदच्या शाळेला इमारत आहे आणि तिचा एक पंच मी आहे. कारकुनाने टाक बुडवून पुढे केला. नानांनी सही केली, फार दाबून. टाकाचे टोक वाकले. कचेरीची पायरी उतरताना ते म्हणाले, कॉलेज झाले म्हणजे पहिल्या वर्षी नांदवदची मुलगी पाठवशील का? मी म्हटले, तुमच्या बैठकीवर आहे.

कलम ५. घर आता माझे राहिले नसल्याने मी कुठे राहावे, हा प्रश्न निघाला. पंचांपैकी भागाबाईंनी निकाल दिला: माजघरात मोठ्या मुली बसतील, मी मागल्या खोलीत राहावे. अटी दोन. शाळेच्या वेळात तपकीर ओढून शिंकू नये, आणि मुली पाढे म्हणत असताना भिंतीपलीकडून चूक सांगू नये. पहिली अट मी मान्य केली आहे. दुसरीविषयी वाटाघाट चालू आहे.

कलम ६. बाकी सामान भांडी, एक घोंगडी, पितळी समई. ते ज्याला हवे त्याने न्यावे. भांडण झाल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात आणि रंगनाथाला चिठ्ठी उचलू द्यावी. त्याचा हात कायम रिकामा येतो, निदान इतरांचे समाधान होईल. विनोद सोडून सांगतो, समई त्यालाच द्यावी. त्याच्या काकूची आहे.

कलम ७. बैठकीत काय ठरले ते नानांनी तारेने दवाखान्यात कळवावे. मी शुद्धीवर नसलो तरी तार उशाशी ठेवावी. मी मुळीच नसलो तर भागाबाईंनी ती शेतात नेऊन मुलींना वाचून दाखवावी. निकाल वाईट असला तरीही वाचावी, लपवू नये. काय झाले आणि कोणी केले हे त्यांना कळले पाहिजे. बोर्डाला अर्ज कसा करतात ते मोठ्या मुलींना मी शिकवले आहे.

कलम ८. माझे क्रियाकर्म यशोदाअक्का सांगेल तसे व्हावे. मंत्र चुकले तर ती टोकील. भटजींनी रागावू नये.

कलम ९. माझ्या मृत्यूबद्दल दुखवटा म्हणून शाळेला सुट्टी देऊ नये. सुट्टीने सरासरी उतरते. त्या दिवशी शाळा ओसरीत असो वा बांधावर, मुलींनी यावे, आणि भागाबाईंनी हजेरी घ्यावी.

हे सर्व मी वाचून पाहिले. शुद्धलेखन बरोबर आहे, मजकूर माझा आहे, आणि तो लिहिताना कोणी धमकावले नाही. नानांनी टोमणे मारले, पण टोमण्यांना कायदा दडपण मानीत नाही असे ते स्वतः सांगतात.

मुक्काम नांदवद, शनिवार, मार्गशीर्ष वद्य सप्तमी, शके १८५५, तारीख ९ डिसेंबर १९३३.

सही: मार्तंड विश्वनाथ अयाचित

साक्षीदार:
१. जीवराम सुकदेव पाटील, आडते, अमळनेर. आमच्यासमक्ष सही केली. कॉलेजविषयीचा माझा मुद्दा येथे पुरता लिहिलेला नाही, एवढी नोंद करून.
२. नासीर असलम पिंजारी, राहणार नांदवद. सही मोडीत, हात स्वतःचा.