बसमुक्त गावाचा शिल्पकार

१२ ऑगस्ट, सकाळ
आजपासून लढा! ओरेगनमधल्या आमच्या या गावात पगार देतो मालक आणि त्या पगारावर कर भरतो तोही मालकच. कशासाठी? बससाठी! माझ्या बेकरीत सात माणसं. बसने कोण येतं? कुणी नाही. विचारलेलं नाही, पण एवढं मोठं पार्किंग मी उगाच बांधलं का?

२० ऑगस्ट
गाव बसमंडळातून बाहेर काढण्याचा अर्ज. मालकांच्या सह्या मिळताहेत. दालचिनीचे रोल माझ्या बेकरीतल्या लूझसारखे कुणालाच जमत नाहीत, पण राजकारण तिला कळत नाही. म्हणाली, बॉस, बस गेली तर? म्हटलं, स्वातंत्र्य पायी चालतं. म्हणाली, मग पहाटे साडेपाचला स्वातंत्र्यालाच बोलवा कणीक मळायला. तिला बसचा एवढा पुळका का, कळलं नाही.

९ सप्टेंबर
जाहीर सुनावणी. माणशी तीन मिनिटं. कराविरुद्ध बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवणाऱ्यांपर्यंत पोचलो, तोच घंटा वाजली. तरी टाळ्या कडाडल्या. आर्डिथ म्हणते, टाळ्या कसल्या, खुर्च्यांच्या घड्या घालत होते. बायकोला इतिहास घडताना दिसत नाही.

३ ऑक्टोबर
जिंकलो! एक जानेवारीपासून कर बंद, बस बंद. संकल्प: रोज सातपर्यंत झोप. भाषणांचं पुस्तक.

२ जानेवारी, ६:१०
ओव्हन तापलेला, लूझ नाही. फोन केला. स्टॉपवर उभी होती म्हणे, सवयीने. शेजारच्या गावातल्या बेकरीत जागा आहे, भाऊ गाडीने सोडेल, असंही म्हणाली. ती गेली तर रोल संपले, म्हणजे दुकान संपलं. म्हटलं, थांब, आलोच. फक्त आजचा दिवस.

१५ जानेवारी
माझ्या व्हॅनमध्ये पाच जण. सातातले पाच! पार्किंगमध्ये माझी एकट्याची गाडी. पुस्तक सोमवारपासून.

२७ जानेवारी
दोन मिनिटं उशीर. लूझ म्हणाली, बॉस, पाच-दहा म्हणजे पाच-दहा. जुन्या स्टॉपच्या खांबावर तिने माझ्या वेळा चिकटवल्यात. याला म्हणतात खासगी उद्योगाची शिस्त.

३ फेब्रुवारी, ५:१२
स्टॉपवरून एक अनोळखी आजी चढल्या. डायलिसिस आहे, हॉस्पिटलपाशी सोडा म्हणाल्या. मी खासगी वाहनाच्या तत्त्वावर बोलू लागलो. आजी म्हणाल्या, अगोदरचा ड्रायव्हर आधी गुड मॉर्निंग म्हणायचा.
गुड मॉर्निंग म्हणालो.
हॉस्पिटलपाशी उतरताना विचारलं त्यांनी, परतीची किती वाजता?
दहा-चाळीस, असं तोंडून गेलं.