लाकडाचा खोडवा

आबा, तुमच्या माळावर आता एकही झाड नाही. हे आधीच सांगून टाकते. गोल गोल बोलायला मला जमत नाही आणि तुम्हाला तसलं ऐकवत नव्हतं. तुम्ही गेल्यावर तिथं काय काय झालं ते सांगायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. अक्षर माझं तसंच आहे, चौथीतलं.

वखार आठवते ती सकाळची. तुम्ही काट्यापाशी उभे, मी पत्र्याच्या खोलीच्या दारात. तुम्हाला मुलगा नव्हता, म्हणून शाळेतून काढून मलाच तिथं बसवलेलं. लग्नाचे आचारी येतात, बेकरीवाले येतात, बंबाला ढलप्या न्यायला म्हाताऱ्या येतात. एकदा तुम्ही बाजारला गेला होता आणि मी एका म्हातारीला नुकतंच उतरलेलं ओलं जळण तोलून दिलं. दुसऱ्या दिवशी ती डोळे चोळत परत आली. चूल पेटेना, नुसता धूर. तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला म्हणालात, "लाकूड इकतीस का पाणी?" वाळल्या जळणाची मोळी माझ्या डोक्यावर दिलीत आणि तिच्या घरी पोचवायला लावलंत. म्हातारीलाच माझी दया आली. "ऱ्हाऊ दे की वो, पोर हाय." तुम्ही म्हणालात, "पोर हाय म्हणूनच. थोरली झाल्यावर कोन सांगनार हिला?" मी रडत गेले आणि वाटेत तुम्हाला पोटभर शिव्या दिल्या. पण परत कधी ओलं लाकूड विकलं नाही.

माळाची गोष्ट निघाली ती आईच्या चुलीपुढं. तुम्ही पाटावर, आई भाकरी थापत होती. पूर्वी पन्हाळ्याच्या अंगानं बैलगाड्या यायच्या, मग ट्रक यायला लागले आणि दर साली ट्रक आणखी लांबून यायचा. ते तुम्हाला खात होतं. तुम्ही एकदम म्हणालात, "आपन नुसतं तोडून खातोय. लावलंय कवा?" आई म्हणाली, "कुठं लावनार? माळावर कुसळं उगवायची मारामार, आनि हे निघालं रान करायला." तुम्ही हसला नाहीत. उसाचा खोडवा घेतात न्हवं, म्हणालात. ऊस तोडला की बुडक्यातून परत फुटतो, नवी लागण करावी लागत नाही. मग लाकडाचा खोडवा का न्हाय? झाड गुडघ्याएवढं ठेवून तोडायचं, खुंटाला धुमारे फुटतात, त्यातले दोन ठेवायचे, चार-पाच वर्षांत परत जळण तयार. माळ तुम्हा पाच भावांचा, न वाटलेला. त्याचे पाच पट्टे करायचे, दर साली एकच तोडायचा, आलेलं पाच घरांनी वाटून घ्यायचं. पाचवा तोडून होतो तोवर पहिला परत उभा.

जयसिंगपूरच्या बाजारातून तुम्ही रुमालाच्या गाठीत सुबाभळीचं बी आणलंत. काका लोक हसले. पण खोडवा म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात शिरलं, कारण ऊस त्यांच्या रक्तात. पहिल्या साली रोपं शेरडांनी खाल्ली. दुसऱ्या साली परत खाल्ली. कुणाची शेरडं, ते सगळ्यांना ठाऊक आणि कुणीच बोलेना. मग थोरल्या काकांचा मुलगा म्हणाला, "आबा, माझ्या वाटनीला कंचा पट्टा ते सांगा. मग बगतो कोन शेरडं घालतंय." एकेक पट्टा एकेका घराच्या नावानं ठरला आणि त्या दिवसापासून माळावर एक शेरडू फिरकलं नाही. झाडं अशी उठली की सावलीला माणसं डबा खायला बसू लागली. तुम्ही काठी टेकत बांधावर उभे राहायचात, धाप लागलेली, तरी बोलत राहायचात. पहिली तोड तुम्ही बघितली नाहीत. दम्यानं गेलात, नव्वद सालानंतरच्या एका थंडीत.

पुढं हातकणंगल्याच्या अंगाला सूत रंगवायचा एक कारखाना होता, त्याचे साहेब वखारीत आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, बाकड्यावर बसला. म्हणाला, "ताई, आम्ही बॉयलरचा कोळसा बंद करतोय. लाकूड परत उगवतं, कोळसा उगवत नाही." मला तुम्हीच बोलताय असं वाटलं. मी त्याला माळावर नेलं, पट्टे दाखवले, साली एक मिळेल म्हणून सांगितलं. त्यानं पावलं टाकत एक पट्टा मोजला. मग म्हणाला, "एका पट्ट्यासाठी एवढ्या लांब तोडणीची टोळी आणि ट्रक पाठवणं परवडणार नाही. सगळं देत असाल तर बघा."

मी नको म्हणाले. पण थोरल्या काकांच्या मुलाला, आमच्या थोरल्याला, ते कळलंच आणि त्यानं बाकीच्यांना धरून साहेबाला परस्पर होकार दिला. तोडीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं माळावर भांडलो, तुमच्याच बांधावर.

"आक्का, माझा पट्टा पाचवा. मी पाच वर्सं तुमचा पैसा मोजत बसू व्हय?"

"पैसा पाच घरांत वाटायचा ठरलंय. आबांनी सांगितलंय ते इसारलास?"

"माझी झाडं, राखली मी, पानी घातलं मी. वाटायचं कशापायी?"

"अरं, सगळं एकदम तोडलास तर फुडं काय करनार?"

"खोडवा हाय की! आबाच म्हनालता. टोळी आल्यावर ऊस कोन निम्मा ठिवतो? फडात कोयता घातला की फड मोकळाच करायचा. टोळी काय आपली वाट बगत बसती?"

आबा, तुम्ही त्यांना उसाचं सांगून पटवलंत आणि त्यांनी उसासारखंच केलं. चार पट्टे दोन दिवसांत आडवे झाले. मी माझा तोडू दिला नाही. थोरला जाताना म्हणाला, "राख बसून, तुझ्या बाचं देवाळ हाय न्हवं."

पावसाळ्यात खुंट फुटले. खोटं कशाला सांगू, बघण्यासारखे फुटले, लालसर कोवळे. तुमचं म्हणणं खरंच होतं. पण आता चारी पट्ट्यांत चार वर्षं काहीच हाती येणार नव्हतं, आणि जिथं येणार नाही तिथं राखायला कोण जातो? शेरडं परत आली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तेवढ्यात रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि ठेकेदाराला मुरूम पाहिजे होता. चौघांनी एका आठवड्यात माळ खणायला दिला. जेसीबीनं खुंट मुळासकट उपटले, धुमारे असलेले.

माझा पट्टा मधला. दोन्ही अंगाला खड्डे, मधे भिंतीसारखी माती आणि तिच्यावर झाडांची रांग. लांबून कुणी बघितलं असतं तर शोभेसाठी मुद्दाम राखली म्हटलं असतं. मी जाऊन ठेकेदाराशी भांडले, तहसीलला हेलपाटे घातले. तो म्हणायचा, "बाई, तुमच्या हद्दीला हात लावलाय काय?" लावला नव्हता, तेही खरं. दोन पावसाळ्यांत भिंत दोन्हीकडून ढासळली आणि झाडं एकेक करून खड्ड्यात गेली, मुळं वर. मी माणसं लावून ती बाहेर काढली, वाळवली आणि वखारीत विकली. वाया घालवून काय करू? शेवटचं झाड विकलं त्या दिवशी मी जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी वखार उघडली. काही वाटायचं असतं ते वाटून झालेलं होतं.

आता कोण परत लावणार? लावायला माती नाही, खाली पांढरा दगड लागलाय. थोरला भेटला की हसतो, वाईट वागत नाही. त्यानं गाडी घेतली.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. लिहून झालं की चुलीत घातलं असतं, पण घरात आता गॅस आहे. कुठंतरी गादीखाली राहील.

एकच सांगायचं राहिलं. कारखान्याचा बॉयलर चालूच आहे. साहेब बदलले, गेटावर 'आम्ही कोळसा जाळत नाही' असा मोठा हिरवा बोर्ड लागला, आणि लाकडासाठी फोन मलाच येतो, माल मीच मागवून देते. ट्रक घाटाखालून येतात, वखारीवरून पुढं जातात. परवाच्या ट्रकात ऐन होता, किंजळ होता, माझ्या कवेत मावणार नाही असा जांभळाचा एक बुंधा होता. असली जंगलातली झाडं कुणी लावलेली नसतात, आबा. चिकाचा वास येत होता. ड्रायव्हर म्हणाला, "आक्का, माल बघून घेताय न्हवं?"

मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? झाक लवकर."

ताडपत्रीचं दुसरं टोक मीच धरलं.