जावयाचं जेवण

आबा, सकाळपासून तुमच्याशी बोलायचं मनात होतं, पण आधी एक लेख पुरा करायचा होता. घास तोंडात गेल्यापासून पुढे कसा सरकत जातो, त्यावर, शाळेतल्या मुलांसाठी. दुपारपर्यंत हवा होता, दिला. इतकी वर्षं हेच करते आहे. हृदय, मूत्रपिंड, कान, कातडी, जे सांगतील ते आणि सांगतील तेवढ्या शब्दांत. आतड्यावर तर चार-पाचदा लिहून झालं असेल. पण या खेपेला लिहिताना हात सारखा पोटाच्या डाव्या बाजूला जात होता. तुमचं होतं तिथेच आता माझंही आहे. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. घरात कुणाला आतड्याचा आजार होता का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी म्हटलं, वडिलांना. गाठ काढली, खालची वाट बंद केली, आतड्याचं तोंड पोटावर आणून शिवलं आणि त्यावर पिशवी लावली. आता जन्मभर असंच.

तुमचं झालं तेव्हा मी कॉलेजात होते. भाजे गावातल्या आपल्या घरात तुम्ही पाटावर बसला आहात, सदरा वर धरला आहे आणि आई कोमट पाण्यात फडकं पिळून पुसते आहे. मी दारात उभी. मला वाटलं होतं, जखम असेल. जखम नव्हतीच. ओठाची आतली बाजू असते ना, तसं लाल, ओलं. आणि ते हलत होतं. हळूच आकसायचं, मग सैल पडायचं, तुम्ही काही न करता.

"दुखतं का?" मी विचारलं.

"न्हाय गं. हात लावल्यालाबी कळत न्हाई. आपलं काय ऐकतच न्हाई ते." मग तुम्ही हसलात. "जावई हाय आपला. येळच्या येळी जेवाय घालायचं, न्हायतर चारचौघांत इज्जत काढंल."

"लेकीचं लगीन ठरंना," आई म्हणाली, "अन् जावई आधीच घरात."

मला दोघांचाही राग आला होता. पुढे वाचलं, तेव्हा कळलं की तुम्ही बरोबरच सांगत होतात. आतड्याला स्वतःच्या नसांचं जाळं असतं. मेंदूला न विचारता ते आपलं काम करतं, माणूस झोपला तरी करतं. चिमटा काढला तरी त्याला कळत नाही, ताणलं तर मात्र कळतं. आणि पोट रिकामं राहिलं म्हणून ते काही गप्प बसत नाही. उलट मधूनमधून वरून खाली एक लाट जाते, उरलंसुरलं झाडून नेते. पोटातून आवाज येतात ते पुष्कळदा तिचेच. हे सगळं मी छापून आणलेलं आहे.

जड उचलायचं नाही असं सांगितल्यावर शेत धाकट्या लेकाकडे गेलं आणि तुम्ही रविवारी लेण्यांच्या पायऱ्यांखाली आईच्या टपरीवर बसायला लागलात. आई चहा आणि भजी करायची, तुम्ही कणसं भाजायचात. एकदा शेजारच्या टपरीवाल्या मावशी पुण्याहून आलेल्या पोरींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्येंचं आतडं भाईर काढलंय. त्येंच्या हातचं कसं खावं मानसानं?" माझ्या हातातली लिंबाची फोड तशीच राहिली. लोक तुमच्या हातचं खायचे थांबले असते तर टपरी गेली असती आणि तुम्ही घरात बसला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. तुम्ही कणीस उलटलंत. "मावशी, तुमचं आत हाय, माझं भाईर. यवढाच फरक. माल त्योच." पोरी हसल्या. थोड्या वेळाने मावशीही हसल्या आणि एक कणीस घेऊन गेल्या. तुम्ही निखाऱ्यांना वारा घालत खोकत होतात. मी तुमच्यासाठी चांगल्यातलं एक कणीस बाजूला काढून मीठ-तिखट लावून दिलं. "ठेव तितं, मंग खातो," म्हणालात. दर रविवारी हेच म्हणायचात.

मावशींना दिलेल्या त्या एका उत्तरावर मी हे महिने काढले. आबांना जमलं, मला का जमत नाही. मला खरंच जमत नाही, आबा. दमले आहे. पिशवी बदलायची, कातडी सोलवटली का बघायची, बाहेर पडताना दुसरी पिशवी सोबत घ्यायची. तुमचे खरे जावई गेल्यापासून तुंगार्लीच्या या घरात मी एकटीच, त्यामुळे घरात लाज धरायला कुणी नाही. बाहेर धरते. कुठे जायचं असलं की आदल्या दिवसापासून खात नाही. तरी बँकेच्या रांगेत पोट बोलतंच. मग मी खोकते. मला कसली तरी ॲलर्जी आहे, असं सगळ्यांना वाटतं. वजन उतरलं तेव्हा दवाखान्यातली सिस्टर चिडली. "काकू, तुम्ही त्याला उपाशी ठेवता म्हणून ते ओरडतंय. हे तर तुम्हीच लिहिता ना?"

काल धाकट्याचा फोन आला. रविवारी त्याच्या नातीचं बारसं आहे. मागच्या दोन कार्यक्रमांना मी काम आहे म्हणून गेले नव्हते.

"आक्का, येतीयास ना?"

"येईन. पण जेवायला धरू नकोस. तासाभरात निघेन."

तो म्हणाला, "आबाबी असंच करायचं."

"काय?"

"शनवारी दुपारपासनं काय खायचं न्हाईत. टपरीवर पिशवी रिकामी पायजे म्हनून. आई भाकरी घिऊन मागं लागायची, तर धंद्याच्या दिवशी नगं म्हनायचं. तू दिल्यालं कणीस शेळीला जायचं. ठाव न्हाई व्हय तुला?"

"ते तर म्हणायचे, जावयाला वेळेवर जेवायला घालायचं."

"ते आपल्याला सांगाया. उपाशी प्वाट लय आवाज करायचं, मंग आबा खोकायचं."

"धुराने खोकायचे ते."

"निखाऱ्याला कुटला आलाय धूर, आक्का?"

पलीकडे त्याची नात रडत होती. तो म्हणाला, "ये अन् जेव. बारशाला पोरं बोंबलत्यात, स्पीकर लावत्यात. तुझं प्वाट कोन ऐकतंय?"

तुम्ही दिवसभर भुकेले बसून दुसऱ्यांना कणसं भाजून देत होतात आणि मी शेजारी उभी राहून लिंबू चोळत होते. हे कळून बरं वाटलं की वाईट, मला सांगता येत नाही. तुमच्यावर थोडा राग आहे. एकदा तरी सांगायचंत. पण मग वाटतं, मीही उपाशी राहते हे घरच्या कुणाला सांगितलेलं नाही. धाकट्यालाही नाही, त्यानेच ओळखलं.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे कुठे धाडायचं नाही, म्हणून लेखासारखं पुन्हा वाचून काढलेलं नाही. लेख देऊन झाल्यावर आज स्वयंपाक केला. मेथी आणि भाकरी, पोटभर जेवले. रविवारी पंगतीला बसेन असं धाकट्याला कळवलं आहे. मग इथे येऊन तुम्हाला लिहायला बसले आणि मघाशी ते बोललं, चांगलं मोठ्याने. घरात कुणी नाही, दारं-खिडक्या लावलेल्या आहेत. तरी मी खोकले.