सगळे नियम पाळल्यानंतर

सर,

तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे मोबाइलसुद्धा नव्हता, त्यामुळे मी हल्ली काय करतो हे सांगायला थोडं मागून सुरू करावं लागेल. कॉलेज रोडवर एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली भाड्याने घेऊन मी दर रविवारी सकाळी क्रिप्टोचे व्यवहार शिकवतो. क्रिप्टो म्हणजे हातात न येणारं, नुसतं कम्प्युटरवर असणारं चलन. त्याचा भाव दिवसरात्र वरखाली होतो. त्या वरखाली होण्यावर काहीजण कमावतात आणि बरेचजण गमावतात. कमवायचं कसं हे मी फारसं शिकवत नाही. गमावायचं जास्तीत जास्त किती, हे शिकवतो. आणि ते मी तुमच्याकडून शिकलोय, तुम्ही तर आम्हाला भूगोल शिकवायचात.

तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. आम्ही नववीत आहोत. त्र्यंबकच्या पुढे, कातळात पायऱ्या कोरलेल्या त्या किल्ल्याच्या पायथ्याशी तुम्ही आम्हाला उभं केलंय आणि विचारताय, घड्याळ कुणाकडे आहे. माझ्याकडे आहे, मामाने दिलेलं. "बारा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचं. कबूल असेल तर आत्ता हो म्हणा. वर गेल्यावर चर्चा नाही." आम्ही मोठ्याने हो म्हणतो. बारा वाजतात तेव्हा माथा समोर दिसतोय, वरचा भगवा झेंडा दिसतोय, आणि डावीकडून धुकं यायला लागलंय. मी म्हणतो, "सर, दहाच मिनिटं." तुम्ही माझ्याकडे असं बघता की मला अजून ते आठवून कान गरम होतात. "इथं आल्यावर डोकं चालत नाही रे, हाव चालते. म्हणून खाली ठरवलं होतं. चल." त्र्यंबकच्या स्टँडवर तुम्ही सगळ्यांना भजी घेतलीत. मी रागाने खाल्ली नाहीत आणि तुम्ही आग्रहही केला नाहीत.

आमच्या धंद्यात याला स्टॉप लॉस म्हणतात. क्रिप्टोचं एखादं नाणं विकत घेतानाच ठरवून टाकायचं की भाव इतका खाली आला तर विकून बाहेर पडायचं, आणि तशी सूचना आधीच लावून ठेवायची, म्हणजे त्या वेळी मनाला विचारावंच लागत नाही. एका व्यवहारात जवळच्या पैशाचा अगदी थोडा भाग धोक्यात घालायचा. उसने पैसे घेऊन खेळायचं नाही. मी हे शंभर वेळा सांगतो आणि मुलं माना डोलावतात. भाव पडायला लागला की तीच मुलं लावलेली सूचना काढून टाकतात, कारण आता वर येईल, दहाच मिनिटं.

एका बाईंनी मात्र ती कधीच काढली नाही. देवळाली कॅम्पात त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं फौजी वर्दी शिवायचं छोटं दुकान आहे. रविवारी बसने यायच्या, पहिल्या रांगेत बसायच्या. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला सर. वर्दीवरचे बिल्ले भरतकामाने भरायचं कम्प्युटरवालं मशीन घ्यायचं म्हणून दोघांनी बाजूला टाकत आणलेले पैसे होते, त्यातलाच काही भाग त्यांनी इथे आणला. भाव पडला की ठरल्या जागी तोटा घेऊन शांतपणे बाहेर पडायच्या. नव्या मुलांना मी म्हणायचो, ताईंकडून शिका.

मग एका सकाळी व्यवहाराच्या ॲपवर एक ओळ आली की तांत्रिक कारणामुळे पैसे काढणं तात्पुरतं बंद आहे. संध्याकाळपर्यंत कळलं की आम्ही सगळे जिथे व्यवहार करायचो त्या एक्स्चेंजच्या, म्हणजे ऑनलाइन बाजाराच्या, कम्प्युटरमध्येच कुणीतरी शिरून नाणी पळवली होती. भाव पडताना दिसत होता, विकायचं बटणही जागेवर होतं, ते दाबलं तरी काही होत नव्हतं. आता लोक मला सांगतात की पैसे तिथे ठेवायचेच नाहीत, आपल्याजवळच्या वॉलेटमध्ये, म्हणजे ज्याची किल्ली फक्त आपल्याकडे असते अशा डिजिटल पाकिटात, ठेवायचे. पण रोज व्यवहार करायचा तर थोडे तरी तिथे असावेच लागतात. ताईंनी पैसे तीन नाण्यांत वाटले होते. एक्स्चेंज एकच होतं.

त्या रविवारी ताई सगळ्यांच्या आधी आल्या. थेट दुकानातून आल्या असाव्यात, पदराला हिरव्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. म्हणाल्या, "पोलिसांकडे जाऊन आलो आम्ही दोघं. तिथल्या साहेबाने नीट ऐकलं, अर्ज घेतला, म्हणाला, तुमच्यासारखे लय आहेत." मग, "सर, तुम्ही सांगितलं तसंच केलं ना मी?"

"तसंच केलंत, ताई."

"मग चुकलं कुठं?"

"तुमचं कुठेच नाही."

त्या पदरावरचे दोरे काढत म्हणाल्या, "चुकलं असतं तर बरं होतं, सर. पुढच्या टायमाला नीट केलं असतं."

मी पाणी आणून दिलं.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या घरी आलो होतो. इतक्या डोंगरांवरून तुम्ही आम्हाला एकेकाला मोजून खाली आणलंत, आणि तुम्ही गेलात ते द्वारका चौकाजवळच्या सपाट रस्त्यावर, भाजी घेऊन येताना. तुमच्या पत्नी दारातच बसल्या होत्या. जो येईल त्याला एवढंच सांगत होत्या, "हेल्मेट होतं हो डोक्यावर. हेल्मेट घालूनच गेले होते." मी तेव्हा मान हलवली आणि आत जाऊन बसलो. त्या काय विचारत होत्या, ते मला या वर्षी समजलं.

वर्ग अजून चालू आहे. खोलीचं भाडं आहे, नवी मुलं येतात, मी फळ्यावर तेच नियम लिहितो. ते खोटे नाहीत, म्हणून लिहितो. ताई येत नाहीत, पण दर सोमवारी दुपारी फोन करतात. काही कळलं का सर, एवढंच. मी म्हणतो, अजून काही नाही. परवाच्या सोमवारी फोन वाजला तेव्हा मी समोरच बसलो होतो, आणि वाजून बंद होईपर्यंत नुसता बघत राहिलो.

खरं सांगायचं तर आज मी त्यांनाच लिहायला बसलो होतो. "ताई," एवढं लिहून झालं आणि पुढे काही येईना. मग तुम्हाला लिहीत बसलो, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.