तुझ्या दाराशी, पायमोज्यांवर

व्हिएन्ना,
२ जून १९९०, शनिवार संध्याकाळ

चि. द्राहोमिरा हिस,

वर गावाचं नाव वाचून दचकू नकोस. हो, ताईच लिहिते आहे. आम्ही दोघं खुशाल आहोत, ओटाकरचा गुडघा तेवढा कुरकुरतो. तूही खुशाल असशीलच. नसायला काय झालंय?

ओटाकर मार्चमध्ये रिटायर झाला. म्हणाला, "आयुष्यात एकदा सरहद्दीपलीकडे जाऊ गं. सरकार बदललं, आता कुणी अडवत नाही." मी म्हटलं, अडवत नाहीत म्हणून जायचं, हे काय कारण झालं? तरी आले. मंगळवारपर्यंत आहोत. स्टेशनामागे एक खोली घेतली आहे. घरमालकीण आम्हाला टॉवेल देताना असा देते, जणू आम्ही तो गिळणार आहोत.

तर पाहिलं बाई तुझं व्हिएन्ना. आज पहिलाच दिवस, पण मला पुरला. घोड्यांच्या कानांना विणलेल्या टोप्या! कुत्री हॉटेलात मालकाच्या खुर्चीशेजारी ऐटीत बसतात आणि वेटर त्यांना वाकून पाणी देतो. आम्ही मात्र बागेत बाकावर बसून पावातली कटलेटं काढली, तर लोक वळूनवळून बघायला लागले. त्या बागेत आपल्याकडची दहाबारा तरी जोडपी असतील, प्रत्येकाच्या मांडीवर तोच चंदेरी कागद आणि तीच घरून तळून आणलेली कटलेटं. ओटाकर येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून म्हणत होता, "सावकाश जेवा हो! तुमच्यात लसूण आहे का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राजवाडाही पाहिला. पिवळा. आपल्या गावच्या रेल्वे स्टेशनाचा पिवळा, तोच. त्यासाठी एवढी रांग! आत खोल्यांमागून खोल्या, आणि बसावंसं वाटेल अशी एक खुर्ची नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. ओटाकर मान वर करून छतच बघत राहिला.

"फार सुंदर आहे गं," तो म्हणाला.

"मग राहा इथंच. आमच्या घराण्यात तशी पद्धत आहेच."

मग ट्राममध्ये बसल्यावर हळूच म्हणाला, "ब्लाझेना, सकाळपासून तिसऱ्यांदा याच ट्रामने चाललोय. तुला उतरायचंय तिथं एकदाची उतर ना."

म्हणून उतरलो. तुझा रस्ता एवढासा आहे, मला वाटलं होतं रुंद असेल. पत्ता कुठून मिळाला विचारशील, तर तो मला पाठ आहे. कसा, ते पुढं सांगते.

आधी माझ्या राडकाचं सांगते, कारण ते तुला कुणी कळवलं नसणार. तिला डॉक्टर व्हायचं होतं. गुण उत्तम होते. पण तिच्या कागदांवर "मावशी देश सोडून पळाली" असा शेरा होता, आणि तिथंच सगळं संपलं. आज ती एका दातांच्या दवाखान्यात रोग्यांची नावं पुकारते. तू इथं ट्रामने फिरत होतीस तेव्हा माझी पोर सबंध उन्हाळा भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी तुझा तिरस्कार केला, द्राहा. लपवत नाही. आजही राजवाडा, घोडे, कुत्री, सगळं बघताना मी तुलाच शिव्या देत होते.

तिसरा मजला चढलो. ओटाकरने सवयीप्रमाणे पायपुसण्यावर बूट काढले आणि हातात धरले. म्हटलं, अरे, आधी दार तर उघडू दे! तर म्हणतो, "घरात जायचंय ना? मग काढायचेच आहेत." एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. तेवढ्यात मी घंटा दाबलेली.

दार तुझ्या लेकीने उघडलं. बाहेरचे बूट घालून घरात वावरते! हनुवटी मात्र अगदी आईची. शाळेतल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी बसमध्ये चार तास एक वाक्य घोकलं होतं: मी तुझी मावशी, ब्लाझेना. त्या मुलीने ओटाकरचे पायमोजे पाहिले, माझ्या पिशवीतून डोकावणारं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काचेचं भांडं पाहिलं, आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही हो, बाई." आमच्या बाजूची माणसं सध्या इथं दारोदार काचसामान विकत हिंडतात, त्यांतलेच आम्ही तिला वाटलो. मी भांडं तेवढं पुढं केलं. मग तिला दया आली असावी. "बरं, बघू तरी," म्हणाली. कागद सोडवला. "छान आहे. केवढ्याला?"

आणि मी किंमत सांगितली.

का, ते मला विचारू नकोस. मावशी म्हणून तिच्या दयेवर आत जाण्यापेक्षा विकणारी म्हणून बाहेर उभी राहणं मला सोपं गेलं. ओटाकर हातात बूट धरून आपल्या भाषेत म्हणत होता, "ब्लाझेना, अगं काय करतेस? सांग ना तिला!" तिला एक अक्षर कळलं नाही. तिला आपली भाषा शिकवली नाहीस, त्याचाही मला राग आला, आणि बरंही वाटलं. तिने पैसे दिले. मी घेतले.

त्या पैशांत आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी प्यायलो आणि केक खाल्ला. ओटाकरने त्याचा केक तसाच ठेवला. मी दोन्ही खाल्ले. चांगले होते.

भांडं बघ, काठाचा टवका तू आठ वर्षांची असताना उडवला होतास. नाताळची बिस्किटं आई त्यातच ठेवायची. शेवटच्या आजारात मला म्हणाली, "हे द्राहाला. कधी जमेल तेव्हा." तुझीच वस्तू मी तुझ्याच लेकीला विकली.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्ता मला पाठ आहे, कारण तू आईला पाठवलेल्या प्रत्येक पार्सलावर तो होता. सगळी पार्सलं आली होती. "घेण्यास नकार" हे प्रत्येकावर मी लिहिलं. ओटाकर नको म्हणत होता. पोस्टमन जिन्यात असतानाच आई आतून विचारायची, "द्राहाचं काही आलं का गं?" मी म्हणायचे, नाही. नऊ वर्षं म्हणाले. तुला वाटलं असेल, आईने तुझं नाव टाकलं. आईला वाटलं, तू तिला विसरलीस. तशीच गेली ती. राडकाचा राग मी तिच्यावरही काढला, आणि तिला कधी कळलंच नाही कशासाठी.

ओटाकर उद्या सकाळी हे तुझ्या पेटीत टाकेल. खोलीचा पत्ता मागं आहे. मंगळवारी दुपारपर्यंत मी तिथून हलणार नाही, शहर बघून झालं. यायचं नसेल तर पाकीट परत पाठव. त्यावर काय लिहायचं ते तुला माहीत आहे. माझ्याच अक्षरात तू ते नऊ वर्षं वाचलंस.

तुझी नव्हे, आईची थोरली,
ब्लाझेना