टोपी कोनाड्यात शोधू नका

क्लाराच्या वडिलांस,

चर्चमध्ये मिस्सेला जाते आहे, क्लारालाही नेते आहे. भाकरी टोपलीत आहे, पिठलं चुलीपाशी झाकून ठेवलंय. झाकलेलं उघडायची तुम्हाला सवय आहेच.

गेल्या रविवारी भर चर्चमध्ये, पोरीदेखत, तुम्ही माझ्या डोक्यावरचा पदर मागून ओढलात. शेजारी त्रिंबकराव वकील होते आणि ख्रिस्ती बायका किती सुधारल्यात हे त्यांना दाखवायचं होतं. त्याच संध्याकाळी उमापूरचे मामा आले, तेव्हा स्वयंपाकघरात येऊन कुजबुजलात, “अगं, पदर घे की. लई जुनं माणूस हाय.” म्हणजे माझं डोकं पाहुणा बघून उघडायचं आणि पाहुणा बघून झाकायचं. यात हसण्याजोगं काही सापडतं का, ते आठवडाभर शोधलं. रागच वाढला.

देवासमोर मी पदर घेते. फादरांचा नियम आहे हे खरं, पण नियम नसता तरी घेतला असता. मामांसमोर घेणार नाही. दोन्ही माझ्याच मर्जीनं.

चर्चमध्ये डोकं उघडं ठेवायचा नियम पुरुषांना आहे. टक्कल दिसेल म्हणून तुम्ही तुमची रुमी टोपी तिथं एकदाही काढली नाहीत. मीही ती कधी ओढली नाही.

आज ती माझ्या पिशवीत आहे. वकिलांना घेऊन मिस्सेला यायचं असेल तर जरूर या. आहात तसे या.

क्लाराची आई